दाराआडचा शेजारी

मला काम फोनवर मिळालं, यात माझा काही दोष नाही. माझं नाव डेक्लन मॅकहेल. बाबांच्या घराण्याची कितीतरी पिढ्यांपासून आयर्लंडच्या मेयो परगण्यात दलदलीची जमीन आहे आणि माझं बोलणंही तसंच, ऐकणाऱ्याचा पाय रुतेल असं. अमेरिकन सिनेमावाल्यांना हिरोला मेयोची बोली शिकवायला माणूस हवा होता. फोनवर ऐकून म्हणाले, "इतकं अस्सल आयरिश आम्ही ऐकलंच नव्हतं." मग मी सेटवर पोचलो. दिग्दर्शक लॅन्स बराच वेळ माझ्या मागे बघत होता, मॅकहेल कधी येतोय म्हणून.

माझी आई, म्हणजे मम, नायजेरियाची, आमच्या कॅसलबार गावच्या हॉस्पिटलात नर्स. मी तिच्यावर गेलोय. रंग तिचा, केस तिचे, आणि वैताग आला की ओठ आवळून दातांतून लांब हवा ओढायची सवयही तिचीच. त्स्स्स्स. ऐकणारा आधी गाडीची चाकं तपासतो.

खरं तर मी नट आहे. आजवर दोन निर्वासित आणि एक टॅक्सीवाला केलाय. सगळे डब्लिनमध्ये नवखे. तेवढं खरं होतं, मी मेयोचा.

म्हणून मी लॅन्सकडे एकच वाक्य मागितलं. हिरोचा बाप मरतो, प्रेत घरात ठेवलेलं असतं, शेजारी येऊन हात हातात घेतो आणि म्हणतो, "तुझ्या दुःखाचं वाईट वाटतं रे." हे वाक्य मी पोरवयापासून गावातल्या घराघरांत रांगेत उभं राहून म्हणत आलोय, आणि मग मयताच्या घरची सँडविच खात. आमच्याकडे संध्याकाळी करण्यासारखं दुसरं असतं काय?

"दिलं," लॅन्स म्हणाला. ममने अख्ख्या वॉर्डाला सांगितलं. भूल दिलेल्यांनाही.

शूटिंगच्या दिवशी लॅन्सने मला बाजूला घेतलं. "डेक्लन, गोष्ट एकोणीसशे वीसची आहे. प्रेक्षक विचारतील, हा कोण?"

"शेजारी."

"हो, पण कुठला?"

"शेजारचा."

त्याने कपाळ चोळलं. हिरो चेस केस लाल रंगवून बसला होता. त्याच्या आजीकडे आयरिश जातीचा कुत्रा होता, असं तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. अंगणातलं गाढव स्पेनहून आणलं होतं. त्याला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी तोडगा निघाला. मी दाराआडून बोलायचं. दिसणारा हात लाइटवाल्या मारेकचा, आणि मारेक पोलंडचा. म्हणजे मेयोचा एक शेजारी उभा करायला आम्ही दोघं लागलो आणि तरी त्याला तोंड नव्हतं.

मी दाराआड गेलो. भांडायचं त्राण नव्हतं. नुसतं त्स्स्स्स झालं.

चेसने कान टवकारले. "हे काय होतं? पुन्हा कर ना!" पोरगा मेहनती. कॅमेरा सुरू झाला, मी माझं वाक्य म्हटलं, मारेकने हात दिला, आणि चेसने उत्तरादाखल दातांतून लांब हवा ओढली. लॅन्सच्या डोळ्यांत पाणी. "हजारो वर्षांचं आयरिश दुःख," तो म्हणाला.

सिनेमा कॅसलबारला लागला. मम डोक्याला जांभळं रेशमी फडकं नायजेरियन पद्धतीने उंच बांधून आली. मागच्या रांगेला पडदा दिसेना, पण नर्सला सांगणार कोण? माझा आवाज आला तेव्हा तिने माझं मनगट पकडलं.

"तू कुठेयस?"

"दाराआड."

"बाहेर कधी येतोस?"

"नाही येत, मम."

तेवढ्यात चेसचं त्स्स्स्स थिएटरभर घुमलं. मम ताडकन उभी राहिली. "ए! हे माझं आहे!"

"अगं, बस खाली," मागून आमच्या गावची ब्रायडी गॉन कुजबुजली. "हुबेहूब माझी आजी करायची तसं!"

मम बसली नाही. सरळ बाहेर जाऊन दारापाशी उभी राहिली. मी तिच्या शेजारी.

सिनेमा सुटला. सगळ्यांत आधी ब्रायडी बाहेर आली. दारात गप्प उभी बाई, शेजारी तिचा मुलगा. आमच्या माणसांना असं काही दिसलं की हात आपोआप पुढे येतो. तिने ममचा हात हातात घेतला. "तुझ्या दुःखाचं वाईट वाटतं गं, इफी." मग माझा घेतला. मागे रांग लागली. कोणी विचारलं नाही, गेलं कोण.

प्रत्येकाने दोघांचेही हात दाबले. शेवटचा म्हातारा थोडा घुटमळला.

"सँडविच कुठे ठेवलीत?"