पुसलेलं ओळखणारं पान

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. राय धान्याच्या पावावरचा हेरिंग मासा बशीत तसाच पडला होता, कॉफी गार झाली होती, आणि अख्खं गाव आ वासून मंचाकडे बघत होतं. मंचावर टॉर्किल्ड उभा होता. तीन वर्षांपूर्वी हा गृहस्थ पवनचक्क्यांना लागणारं वंगण विकायचा. आता लोकांची मनं वाचत होता.

चमत्कार असा. रोग्याने संगणकावरच्या वेबपानातल्या फॉर्ममध्ये आपलं दुखणं लिहायचं, बटण दाबायचं. मग ते पुसून काहीतरी खोटंच लिहायचं. तेवढ्यात टॉर्किल्ड मंचावरची काळी पेटी बंद करून पुन्हा चालू करी.

"हा माझा सर्व्हर! बघा, कोरा करकरीत! यात एक अक्षर साठत नाही. लक्षात ठेवतो तो आत्मा!"

रोग्याने पुन्हा बटण दाबलं की मोठ्या पडद्यावर त्याचं पुसलेलं दुखणं उमटे आणि टॉर्किल्डचा ध्वनिमुद्रित आवाज उपाय सांगत घुमे.

लोकांना नवल वाटलं, संशय आला नाही. डेन्मार्कात कराचा फॉर्मसुद्धा सरकारकडून भरूनच येतो. पानाला आपलं सगळं ठाऊक असणार, हे इथे अंगवळणीच पडलेलं. कसं ठाऊक, हे विचारायची सवय कधीच मोडली होती.

प्रेक्षकांत बसलेल्या व्हिबेकेचं डोकं मात्र भणभणत होतं. तिने नगरपालिकेसाठी बावीस वर्षं असलीच पानं तयार केली होती. आणि तिची थोरली बहीण बोडिल हिने नऊ दिवसांपासून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या, याच पानाने सांगितलं म्हणून. बोडिलच्या हृदयाचे ठोके चुकायचे. एक गुठळी मेंदूत गेली की कारभार आटोपला.

"अगं, मी पुसलेलं त्याला कळलं!" बोडिल म्हणाली. "आईलासुद्धा कधी कळलं नव्हतं."

"डॉक्टरला कळतं ना? त्याचं ऐकायला काय धाड भरलीय तुला?"

व्हिबेके तडक जाऊन त्या संगणकासमोर बसली.

"प्रवाह तुटेल, व्हिबेके!" टॉर्किल्ड ओरडला.

"तुटू दे. विजेचं बिल तरी कमी येईल."

तिने पानाचा आतला मजकूर उघडला. पडद्यावर अगम्य अक्षरांची एक लांबलचक ओळ आली.

"तो मंत्र आहे! हात लावू नकोस!"

"मंत्र कसला, चिठ्ठी आहे ही. सर्व्हर जात्याच विसरभोळा. दर वेळी बटण दाबलं की तो तुम्हाला नव्यानेच भेटतो. म्हणून मागचं सगळं आम्ही एका चिठ्ठीत लिहितो आणि ती तुमच्याच पानाच्या अस्तरात शिवून ठेवतो. बटण दाबलं की चिठ्ठी त्याच्याकडे परत जाते. पेटी हजार वेळा बंद कर, चिठ्ठी इथेच राहते. कुणी ती बदलू नये म्हणून आम्ही तिच्यावर शिक्का तरी मारतो. या शहाण्याने तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत."

अक्षरं उलगडणारं एक फुकटचं पान तिने उघडलं, आपला मजकूर त्या चिठ्ठीत बसवला आणि बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: 'मी ट्रॅक्टर आहे. मला सर्दी झाली आहे.'

आवाज घुमला, "लेकरा, तू पुसलंस, पण मला दिसलं. गोळ्या सोड. माझ्यावर विश्वास ठेव."

कॉफी वाढणारा म्हातारा प्रेबेन सगळ्यांत आधी हसला. "टॉर्किल्ड, ट्रॅक्टर कधीपासून गोळ्या घ्यायला लागला रे?"

"आज इथे नकारात्मक शक्ती..." टॉर्किल्डचं पुढचं बोलणं हशात बुडालं.

बोडिल हसली नाही. ती उठून व्हिबेकेजवळ आली.

"मलाही हेच सांगितलं होतं, व्हिबेके. शब्द न् शब्द हेच."

"तो सगळ्यांना हेच सांगतो. तू लिहिलंस ते तुलाच वाचून दाखवलं, आणि सल्ला मात्र पदरचा दिला."

"डॉक्टरला फोन लाव."

व्हिबेकेने तिथूनच फोन लावला. लगेच घेऊन या, असं डॉक्टर म्हणाला. बोडिलने कोट चढवला, पण दाराशी जाऊन ती वळली आणि भरल्या सभागृहाला म्हणाली, "याला हे कळलं कसं, एवढा साधा प्रश्न मी नऊ दिवसांत विचारला नाही. तुम्ही विचारा. कुणीही पुढे येऊन तुमच्या मनातलं सांगायला लागला, की आधी हेच विचारा. आणि याच्या सांगण्यावरून ज्यांनी औषधं बंद केलीत, त्यांनी लाजू नका, माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

सात जण उठले.