पक्षिकोशाचा नववा खंड

ग्रंथपालबाईंचा संदर्भ शोधायला शिकवायचा तास म्हणजे कॉलेजातला सगळ्यात शांत तास. निम्मी पोरं झोपलेली, उरलेली त्यांची झोपमोड नको म्हणून गप्प. प्राचार्यांनी शेवटचं बजावलं होतं, "आज बघायला येतो. पोरं जागी दिसली तर ठीक, नाहीतर ही वेळ टायपिंगला." अकरा वर्षं जपलेला तास!

त्यांनी नेहमीचेच दहा प्रश्न वाटले. कपाटं धुंडाळून उत्तरं शोधायला पाऊण तास. पाच मिनिटांत चाळीसच्या चाळीस कागद टेबलावर हजर, आणि एकही खुर्ची हललेली नाही.

एरवी बाई तसाच गठ्ठा बांधून ठेवत. आज धास्तीपोटी त्यांनी कागद वाचले. 'पक्षिकोशाचे खंड किती?' सगळ्यांचं एकमुखी उत्तर: नऊ. बाई उठल्या, कपाटापाशी जाऊन बोट लावून मोजलं. आठ.

"नववा कुठे पाहिलात रे?"

"उडाला असेल, बाई!" मागून आवाज. खसखस पिकली.

"कुणाचं उतरवलंत?"

"मागच्या वर्षीच्या ताईचं," सगळा वर्ग जिला 'जांभई' म्हणे, ती मुलगी म्हणाली. "तिनं तिच्या आधीच्यांचं."

"मग काढा शोधून. अकरा वर्षांचे गठ्ठे आहेत. ही थाप पहिल्यांदा कुणी मारली, त्याचं नाव मला हवंय."

दुसऱ्याची चूक शोधायची म्हटल्यावर कुणाला झोप येते? शिपाईकाकांनी गठ्ठे उतरवायच्या आत पोरं त्यांवर तुटून पडली.

"हा तर माझा दादा! आणि घरी मला अक्कल शिकवतो!"

"हा कागद आधीचा कशावरून? तारीख कुठाय?"

"माहीत नसेल तर ठोकून देऊ नकोस, पुरावा दाखव!"

पुरावा! हा शब्द बाईंनी या खोलीत स्वतःखेरीज कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. तेवढ्यात दारात प्राचार्य.

"सापडला!" जांभईनं तळाचा कागद ओढला, आणि तो पाठपोट बघितला.

"वाच की नाव. मोठ्यानं."

"नाव नाहीये. वर 'नमुना उत्तरं' असं लिहिलंय. अक्षर... तुमचं आहे, बाई."

शिपाईकाका मदतीला धावले, "तेव्हा या खंडांशेजारी हजेरीचं रजिस्टर असायचं ना, तसंच हिरवं, तसंच जाडजूड. बाईंच्या खुर्चीतून बघितलं की नऊच दिसायचे!"

बाईंनी एकदा प्राचार्यांकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. "खरंय. मी उठलेच नव्हते."

घंटा झाली. कुणी दप्तर उचललं नाही.

"बाई," जांभईचे डोळे चमकत होते, "मग बाकीच्या नऊ उत्तरांचं काय?" आणि चाळीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

प्राचार्य शिपाईकाकांच्या कानाशी लागले, "टायपिंगवाल्यांना दुसरी वेळ बघायला सांगा." मग इकडेतिकडे बघत ते हळूच कपाटापाशी गेले आणि त्यांनी बोट लावून खंड मोजले.