सातवीपर्यंतचा अभ्यास

वृंदाबाईंनी तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं, असं त्यांचे थोरले बंधू मुकुंदराव थट्टेनं म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बीदरच्या शिक्षकाच्या घरातली ही मुलगी बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत लागली आणि एकाच प्रश्नाच्या मागं लागली: मूल शाळेत कुठल्या भाषेत शिकलं म्हणजे त्याला जास्त येतं? सीमाभागातल्या गावांत पहिलीची मुलं निवडायची आणि दर वर्षी त्याच मुलांना भेटून सातवीपर्यंत त्यांचं वाचन तपासायचं, असा त्यांचा तो गाजलेला अभ्यास. घरच्या भाषेत शिकलेली मुलं सातवीला पुढं असतात, असं त्यातून निघालं. त्यावर अहवाल झाला, समित्या बसल्या, वृंदाबाईंच्या खांद्यावर शाली पडल्या. निष्कर्ष खरा होता. आजही खराच आहे.

तरीही मे महिन्याच्या अखेरीस, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या स्टँडवर उतरताना त्यांना लगेच परतीची गाडी धरावीशी वाटली. ती मुलं आज कुठं आहेत, हे बघायला संस्थेनं एक शेवटची फेरी काढली होती. बाकीच्या मुलांकडं वृंदाबाईंनी हाताखालची माणसं पाठवली. त्यातल्या रेणुकाचं नाव मात्र स्वतःकडं ठेवलं. त्यांना रेणुकाला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सोळा वर्षं राहून गेली होती.

गोष्ट तशी लहान. रेणुका मुडबीच्या पलीकडच्या एका वाडीतली. वाडीत सातवीपर्यंतची मराठी शाळा, कन्नड शाळा मुडबीत. पहिल्या वर्षी अभ्यासात वाडीची आठ मुलं होती. दोन आईबापांबरोबर पुण्याला गेली, एक मामाकडं उदगीरला. उरली पाच. अभ्यासाचा नियम असा, की पाचाच्या खाली आकडा गेला की ते गाव बाद. आणि चौथीच्या वर्षी वृंदाबाई गेल्या, तेव्हा रेणुकाचे वडील अंकुशराव म्हणाले, पाचवीपासून पोरीला मुडबीला घालतो.

"पोरगी हुशार हाय, बाई. फुडं कलबुर्गीला शिकाया जायाची म्हन्ती. तिथं समदं कन्नडमधी चालतंय. मंग आत्ताच सवय झालेली बरी."

अंकुशराव तुरीची शेती करणारे, बोलणं मोजकं. वृंदाबाई त्यांच्या अंगणात बाजेवर दोन तास बसल्या. घरच्या भाषेत पाया पक्का होतो, मग दुसरी भाषा सोपी जाते, मधेच शाळा बदलली की मूल बुजतं, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. आपण हे कशासाठी सांगतोय, तेवढं फक्त त्यांनी सांगितलं नाही. एक पोरगी गेली तर वाडी जाईल, वाडी गेली तर तालुक्याची आकडेवारी लंगडी पडेल आणि चार वर्षांची मेहनत मातीत जाईल, हे त्यांच्या डोक्यात चाललं होतं.

"तुमच्या घरची लेकरं कशात हायती?" अंकुशरावांनी मधेच विचारलं होतं.

"आमच्या भागात मराठी शाळाच नाही हो, अण्णा," वृंदाबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं. त्यांची मुलगी हर्षिता बंगळुरात इंग्रजी शाळेत होती.

अंकुशराव म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ द्या मंग हितंच." वृंदाबाईंचा जीव भांड्यात पडला. परतीच्या जीपमध्ये त्या चक्क गाणं गुणगुणत होत्या, आणि हे आठवलं की त्यांना अजून स्वतःची लाज वाटते.

रेणुका सातवीला साऱ्या अभ्यासात पहिली आली. आता माध्यम बदलायला उशीर झाला, म्हणून दहावीही दुसऱ्या गावी जाऊन मराठीतूनच केली. मग पीयुसीला, म्हणजे अकरावीला, कलबुर्गी. बाजारात कन्नड घडाघडा बोलणारी पोर, पण सर फळ्याकडं तोंड करून कन्नडमधून भराभर सांगायला लागले की तिची वही कोरी राहायची. पुस्तकं इंग्रजी, समजावणं कन्नडमधून, आणि हिचं सगळं डोकं मराठीत. चौथ्या महिन्यात ती पेटी घेऊन घरी आली. नर्स व्हायचं होतं तिला. वाडीच्या शाळेतल्या भीमण्णा मास्तरांनी हे वृंदाबाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या अहवालाची दुसरी आवृत्ती तपासत होत्या. सातवीनंतरचं आपल्या अभ्यासात येत नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि पान उलटलं.

चिटगुप्प्यात रेणुकाचं सासर म्हणजे बाजारपेठेच्या मागची पिठाची गिरणी. नवरा शिवराज माल आणायला गेला होता, सासू सुशीलाबाई आत निजल्या होत्या. रेणुकानं गिरणी बंद केली, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि खुर्ची पुढं सरकवली. सव्वीस वर्षांची बाई, पण हसली की चौथीतलीच वाटत होती. कोपऱ्यात पोत्यावर तिची लेक सोनू खडूनं काहीतरी गिरवत बसली होती.

वृंदाबाईंनी ठरल्याप्रमाणं प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती, मराठी वाचता का, कन्नड लिहिता का. मग प्रश्न आला, शिक्षण सुटण्याचं कारण. खाली पाच पर्याय: लग्न, गरिबी, आजारपण, आवड नसणं, शाळा लांब असणं. पर्याय वृंदाबाईंनीच ठरवले होते.

"लग्न लिवा की," रेणुका म्हणाली.

"लग्न तर तीन वर्षांनी झालं."

"मंग काय लिवायचं ते लिवा. तुमाला जास्त कळतंय." आणि मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "मलाबी एक इचारायचंय, बाई. चार दिसात शाळा उघडायल्यात. सोनूला पहिलीत घालायचंय. आमचे हे इंग्लिश म्हन्तेत. सासूबाई कन्नड म्हन्त्यात. मी म्हन्लं, मराठी शाळाबी हाय गावात. घरात रोज वाद. मंग मीच म्हन्लं, बाई येनारेत, त्या सांगतील तिथं घालू."

वृंदाबाईंना वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातले कागद पिशवीत ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. आठ मुलं, पाच मुलं, पाचाचा नियम, बाजेवरचे दोन तास. "तुझ्या भल्यासाठी नाही, रेणुका. माझ्या अभ्यासासाठी तुला मी तिथं ठेवलं. तुझ्या अप्पांना ते सांगितलं नाही."

रेणुका ऐकत होती. मग ती खाली बघून म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"अप्पा वारल्यावर आईनं सांगितलं. त्या दिवशी तुमी गेल्यावर अप्पा आईला म्हन्ला, बाईंचं कायतरी अडलंय. एवढ्या शिकलेल्या बाई दोन तास आपल्या दारात बसून बोलायल्यात, ते उगं न्हाई. दारात आलेल्या मान्साला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? आपली पोरगी काय, कुठंबी शिकंल."

इतकी वर्षं निदान एवढं तरी वृंदाबाई धरून होत्या, की आपण त्या माणसाला पटवून दिलं होतं. त्याला तसूभरही पटलं नव्हतं. त्यानं फक्त एका अडलेल्या बाईची अडचण भागवली होती, लेकीच्या पदरचं देऊन, आणि बाई जीपमध्ये गाणं गुणगुणत गेली होती.

"मी कलबुर्गीहून आले नं, तवा वरीसभर अप्पाशी बोलले न्हाई," रेणुका म्हणाली. "कामून ठेवलास मला मराठीत, म्हनून लई भांडले. ताट फुडं सारायची आन तोंड फिरवायची. तो नुसता ऐकायचा. तुमचं नाव त्यानं एकदाबी घेतलं न्हाई. घेतलं असतं तर मी त्याच्याशी बोलले असते."

वृंदाबाईंना रडू आलं. रेणुकानं उठून माठातलं पाणी आणून दिलं आणि त्या पिऊन होईपर्यंत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर माफी तरी मागता आली असती, असं वृंदाबाईंना वाटून गेलं.

"ऱ्हाऊ द्या आता ते," तांब्या परत घेत रेणुका म्हणाली. "आता तुमचा अभ्यास सरलाय नं?"

"हो. संपला."

"आता कुनी कमी-जास्त झालं तर तुमचं काय अडत न्हाई?"

"नाही."

"मंग आता सांगा. सोनूला कुठं घालू?"

वृंदाबाईंनी तोंड उघडलं. या प्रश्नावर त्यांनी भाषणं केली होती, समित्यांपुढं टेबलावर हात आपटून उत्तरं दिली होती. पायाबद्दल, घरच्या भाषेबद्दल सगळं जिभेवर तयार होतं. त्यांनी सोनूकडं बघितलं. मग या मुलीला दहावीनंतर कुठं जावं लागेल, तिथं फळ्यावर काय लिहिलेलं असेल, हे त्या शोधू लागल्या, आणि त्यांना काहीच सापडेना.

"मला माहीत नाही, रेणुका," त्या म्हणाल्या. "सातवीपर्यंत घरच्या भाषेत चांगलं येतं, एवढं मला माहीत आहे. त्याच्या पुढं काय होतं, ते मी कधी बघितलंच नाही."

रेणुकानं तांब्या माठावर ठेवला.

"मंग तवा अप्पालाबी तुमी असंच सांगायचं हुतं की, बाई."