विरळ जाळी

ज्याच्या शब्दावर विसंबून परकी माणसे एखाद्या ओझ्याखाली निःशंक उभी राहतात, त्याला स्वतःच्याच शब्दाविषयी शंका आली, तर ती गिळून टाकण्याचा अधिकार त्याला उरत नाही. निवेदिताला हे ठाऊक होते. दसऱ्याच्या त्या सकाळी पुरणयंत्र अर्ध्यावरच सोडून ती ओल्या हातांनी देवघराकडे निघाली, ती त्यामुळेच. उंबऱ्याशी मात्र तिचे पाऊल थबकले.

देवघरापुढच्या पाटांवर खंडेनवमीला पूजलेली आयुधे मांडलेली होती. सासऱ्यांच्या जुन्या पोथ्या, दीर सौमित्रचे स्क्रू पिळायचे पेचकस, स्वयंपाकघरातली विळी. आणि मधोमध, झेंडूची माळ ल्यालेला, हळदीकुंकवाने माखलेला तिचा मोठा काळा संगणक. याच संगणकावर ती कारखान्यांच्या लोखंडी शेडांचे हिशेब करीत असे. नवमीला पूजेत बसलेल्या वस्तूला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. काल उरला या औद्योगिक वसाहतीतून निरोप आला, तो नेमका या वेळेत.

निरोप लहानसाच होता. नव्या शेडमध्ये ठरलेल्या क्रेनऐवजी अधिक वजनाची क्रेन आली आहे; क्रेनचा रूळ तोलणाऱ्या, खांबांवरच्या ब्रॅकेटना ती पेलेल ना, तेवढे पाहून कळवा. दसऱ्याला दुपारी विजयमुहूर्तावर पूर्ण भार उचलून चाचणी व्हायची होती. निवेदिताने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि हिशेब चालवला. पडद्यावर सारी शेड हिरवी झाली. 'पेलेल,' असे तिने कळवून टाकले.

आणि आज पुरण वाटताना तिच्या ध्यानात आले की घाईघाईत यंत्राला मोठ्या भोकांची चकती लागली आहे. डाळीचा एक अख्खा कच्चा दाणा त्यातून सरळ खाली उतरला होता. तो दाणा बोटावर घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली. काल हिशेब अडकला होता, आणि लॅपटॉपने विचारले होते, जाळी विरळ करू का? तिने 'हो' म्हटले होते.

देवघराच्या उंबऱ्यावरून ती आधी ओसरीवर गेली. सौमित्र तिथे आपट्याची पाने निवडीत बसला होता. संगणकांची दुरुस्ती हाच त्याचा व्यवसाय.

"भाऊजी, लॅपटॉपमधली ग्राफिक्सची चिप अन् या मोठ्यातलं कार्ड, दोन्हीचं नाव एकच आहे ना?"

"नाव एकच, वहिनी. नंबर भी वही." तो हसला. "पण आपल्या पाऱ्यात, या गल्लीत, शेखर पण दोन आहेत. एक आखाड्यातला, एक होमिओपॅथीवाला. गव्हाचं पोतं कोणाले उचलायले सांगसान?"

निवेदिता हसली नाही.

"काहून? काय करून राहिल्या तुम्ही?"

"फरक काय पडतो, तेवढं सांगा."

त्याने हातातली पाने ताटात ठेवली. "मोठं कार्ड पोटभर वीज खाते. त्याले आपले पंखे आहेत, मेमरी ढेर सारी. लॅपटॉपवाली चिप पातळ डब्यात कोंडलेली. तापली की स्वतःच हळू होते. अन् मेमरी पुरली नाही, की प्रोग्राम विचारते, काम थोडं हलकं करू का? सगळे हो म्हणतात."

"मी पण म्हटलं," निवेदिता म्हणाली.

तो प्रोग्राम लोखंडाचे बारीक बारीक चौकटींत तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा ताण मोजीत असे. चौकटी मोठ्या केल्या, म्हणजेच जाळी विरळ केली, की एखाद्या सांध्यातली दुखरी जागा शेजारच्या निरोगी लोखंडात मिसळून दिसेनाशी होई. हे ती स्वतः इतरांना शिकवीत आली होती. तिने पदराला हात पुसले. ते पुसले तरी ओलेच राहिले.

देवघरात तिचे सासरे पांडुरंगशास्त्री जपाला बसले होते. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या या वृद्धाने घरातली एकही रीत कधी मोडलेली तिने पाहिली नव्हती.

"बाबा, मले मोठा संगणक आत्ता पाहिजे."

माळेवरचे बोट थांबले. "उत्तरपूजा संध्याकाळी असते, निवेदिता. शमीचं पूजन झाल्यावर."

"हो, बाबा."

"तोवर थांबता येत नाही?"

"शेडखाली माणसं आहेत. मी काल त्यांना चुकीचं सांगितलं असेल, अशी भीती वाटून राहिली."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. निवेदिताला समईची ज्योत तेवढी दिसत होती. मग त्यांनी माळ गोमुखीत ठेवली, आचमन केले, अक्षता हाती घेतल्या आणि सावकाश, एकही शब्द न गाळता, उत्तरपूजा केली. शेवटी दोन्ही हातांनी तो जड काळा डबा किंचित हलवला आणि त्याच्यावरची माळ उतरवली.

"शस्त्र पूजायचं, ते वेळेला उचलता यावं म्हणून," ते म्हणाले. "उचल."

सौमित्रने तारा जोडल्या. पंखे फिरू लागले, तशी झेंडूची एक पाकळी जाळीतून बाहेर उडाली. निवेदिताने चौकटी पूर्ववत बारीक केल्या. हिशेब सुरू झाला. पण तो पुरा व्हायला वेळ लागणार होता, आणि मुहूर्त जवळ येत होता.

तिने फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. उत्तर हिरवेच आले तर? मालकाचे पाहुणे जमले असतील, आणि इंजिनीयरीणबाई घाबरली म्हणून साऱ्या उरल्यात हसे होईल. मग तिने फोन पुन्हा उचलला. साइटवरचा फोरमन दयाराम पहिल्याच घंटीला बोलला.

"मैडम, सब तैयार हे. पंडितजी नारियल लेके खड़े हैं."

"दयारामभैया, शेड के नीचे से सबको बाहर निकालो. भार मत उठाना."

"काहे मैडम? कल तो आप ही बोले थे, हो जाएगा."

"हाँ, मैंने ही बोला था." ती पडद्याकडे वळली. "मैं गलत हो सकती हूँ."

पलीकडे ढोलाचा आवाज येत होता. "मालिक पूछेंगे तो?"

"मेरा नाम लेना."

"हव," दयाराम म्हणाला, आणि फोनपासून तोंड वळवून त्याने हाळी दिली, "ए, चलो रे, सब बाहिर! नारियल घलो बाहिर फोरबो!"

नारळही बाहेरच फोडायचा, हे ऐकून कोणीतरी हसले. ढोल थांबला.

पडद्यावर शेड हळूहळू भरू लागली. एकामागून एक खांब हिरवे होत गेले. वरची तुळई हिरवी झाली, क्रेनचा रूळ हिरवा झाला. सौमित्रने सुटकेचा श्वास टाकला. निवेदिता मात्र हलली नाही. शास्त्रीबुवा तिच्या खांद्यामागून वाकून पाहत होते.

अखेरीस दक्षिणेकडच्या एका ब्रॅकेटच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका उमटला. जेमतेम अक्षतेएवढा.

"कालच्या पूजेतलं कुंकू उडालेलं दिसते," शास्त्रीबुवा पुटपुटले. त्यांनी उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळले आणि तो ठिपका हलकेच पुसला. मग पुन्हा पुसला. टोक उलटून पाहिले, तर ते पांढरेशुभ्र होते.

त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले. हात तसाच अधांतरी राहिला.

"माणसं?"

"बाहेर आहेत, बाबा."

ताम्हनात थोड्या अक्षता उरल्या होत्या. त्या घेऊन शास्त्रीबुवा खिडकीशी गेले. उरला कोणत्या दिशेला, हे त्यांनी सौमित्रला विचारून घेतले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले.

"आज संध्याकाळी सोनं वाटायला सगळ्यांचे हात शाबूत असोत," ते म्हणाले.

मुठीत उरलेल्या चार अक्षता त्यांनी परत येऊन निवेदिताच्या मस्तकावर ठेवल्या.