कॉर्नरनंतरची क्लिप

"गेलं की परत!" राजवीर ओरडला.

स्क्रीनवर उघडलेलं फोल्डर मिटलं होतं. क्षणभर खालची पट्टी, चिन्हं, सगळंच गायब झालं, निळा पडदा तेवढा राहिला, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात एकेक चिन्ह जागेवर येऊन बसलं. फोल्डर मात्र बंद. स्नेहलनं माऊसवरचा हात काढला आणि ओढणीला पुसला.

"ताई, सकाळपासनं हेच दावालाय तुम्ही आमास्नी," राजवीर म्हणाला. "आमाला काय कळत न्हाय व्हय?"

"गप बस रे जरा," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबासो म्हणाले. "मशीन हाय ते. तुझ्या वरडण्यानं नीट हुणार हाय काय?"

शिवाजी पेठेत स्नेहलचं छोटं दुकान होतं. लग्नं, बारशी, वाढदिवस यांचं शूटिंग करायचं आणि कापून-जोडून द्यायचं हा तिचा धंदा. पण पेठेत तिला ओळखायचे ते फुटबॉलमुळं. हंगाम सुरू झाला की स्टेडियमवर तिचे दोन कॅमेरे लागायचे. एक गॅलरीत, तो ती स्वतः चालवायची. दुसरा गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत स्टँडवर, चालू करून सोडून दिलेला. बॉल आत गेला की नाही यावरनं दरवर्षी डोकी फुटायची, म्हणून यंदा स्पर्धा समितीनंच तो कॅमेरा लावायला सांगितला होता.

आणि आदल्या दिवशी उपांत्य सामन्यात नेमकं तेच झालं. वाघजाई तालीम विरुद्ध तोफखाना क्लब. वाघजाई एका गोलनं पुढं, सामना संपत आलेला. तोफखान्याला कॉर्नर मिळाला. राजवीरनं उडी मारून हेड घातला, बॉल वरच्या दांडीला आतून लागून खाली आपटला आणि गोलकिपरनं झडप घालून तो छातीशी ओढला. अर्धं स्टेडियम "गोल" म्हणून उठलं. रेफ्रीनं हात आडवे हलवले. पुढच्या क्षणी दोन्हीकडची पोरं मैदानात घुसली, ढकलाढकली झाली, गोलरेषेवरचा कॅमेरा स्टँडसकट आडवा झाला आणि त्याची बॅटरी निसटून गवतात पडली.

गॅलरीतल्या चित्रणात गोलसमोर नुसत्या पाठी दिसत होत्या. सगळी भिस्त आता त्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर होती. संध्याकाळी समिती बसणार होती. तोपर्यंत चित्रण मिळालं नाही तर रेफ्रीचा निर्णय कायम, आणि वाघजाई अंतिम सामन्यात.

वाघजाई ही स्नेहलच्या पेठेतली, घरचीच तालीम. आणि तो गोलकिपर, आदर्श, तिचा पाठचा भाऊ.

म्हणून तर तोफखान्याचा कॅप्टन राजवीर सकाळपासून तिच्या खुर्चीमागं उभा होता. समितीनं बाबासोंना सोबत धाडलं होतं. बाबासो एके काळचे नावाजलेले रेफ्री. त्यांच्यासमोर दोन्ही पेठांची पोरं आवाज खाली आणायची. पण ती पोरं आज बाहेर रस्त्यावर होती, आणि रस्त्यावर मोटारसायकली वाढत चालल्या होत्या.

"कॅमेऱ्यातलं कार्ड कुठाय?" राजवीरनं विचारलं.

हा प्रश्न येणार हे स्नेहलला ठाऊक होतं. "रिकामं केलं. काल सांजंला सगळं हितं कॉपी करून घेतलं. आज मुरगूडला साखरपुडा हाय, माझ्या हाताखालच्या मोनाला तिकडं पाठवलंय, तिच्या कॅमेऱ्यात हाय ते कार्ड."

राजवीर हसला. "कार्ड पुसलं. कंप्युटर बंद पडालाय. भाऊ फायनलला. झकास जमलंय की सगळं!"

स्नेहल पुन्हा माऊसकडं वळली. काहीही बोलली असती तरी ते सारवासारवीसारखंच ऐकू आलं असतं.

सकाळपासून तिनं सुचेल ते करून बघितलं होतं. कंप्युटर बंद करून चालू केला. मागच्या आठवड्यात एक नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्याचा संशय आला, ते काढून टाकलं. व्हायरस शोधला. डिस्क तपासली. दरवेळी वाटायचं, आता झालं. फोल्डर उघडायचं, राजवीर पुढं वाकायचा, बाबासो चष्मा सावरत उठायचे, आणि विंडो मिटायची. कधी उघडल्या उघडल्या, तर कधी इतक्या उशिरा, की बाबासो खुर्चीपासून टेबलापर्यंत येऊन पोचलेले असायचे. एकदा तर ती लग्नाच्या फोल्डरात काहीतरी शोधत होती, सामन्याला हातही लावला नव्हता, तरी सगळं गेलं. कशाचा कशाला मेळ नव्हता. दरवेळी एकाच जागी बिघडलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला असता. हे असं लहरीनं बंद पडणं बघून तिची तिलाच शंका यायला लागली होती, की आपण काहीतरी वेडंवाकडं करतोय.

शटरवर धाडकन काहीतरी आदळलं. बाहेर शिव्या ऐकू आल्या, पाठोपाठ दुसऱ्या बाजूच्या शिव्या.

"काका, जरा वेळ मला एकटीला सोडा," स्नेहल म्हणाली. "डोक्यावर माणसं उभी असली की मला काय सुचत न्हाय."

"आमी न्हाय हलत," राजवीर म्हणाला.

बाबासोंनी त्याच्या दंडाला धरलं. "दारातच थांबू. ती काय कंप्युटर घेऊन पळालीया व्हय? आन् तुझ्या पोरास्नी आवर आधी, काच फुटंल कुणाची तरी."

दार ओढलं गेलं. स्नेहलनं फोल्डर उघडलं आणि या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवले. नुसतं बघत बसायचं ठरवलं.

फोल्डरात सामन्याच्या क्लिपा होत्या. तो कॅमेरा थोड्या थोड्या वेळानं नवी फाईल करायचा. प्रत्येक क्लिपचा एक चौकोन, आणि कंप्युटर त्या चौकोनांत आतल्या दृश्याचं छोटं चित्र भरत निघाला. नाणेफेक. मोकळा गोल. मध्यंतरातलं पाणी. पुन्हा गोल, समोर आदर्श हात पसरून उभा. मग कॉर्नरच्या आधीची क्लिप. पुढचा चौकोन पांढरा होता. तो पांढराच राहिला आणि विंडो मिटली.

स्नेहल पुढं सरकली. तिनं यादी उलटी लावली, शेवटचं आधी. सामन्यानंतर बॅटरी बसवून घेतलेल्या दोन क्लिपा वर आल्या, त्यांत चित्रं भरली. पुढचा चौकोन पांढरा. गेलं.

वरनं आलं तरी तिथंच, खालनं आलं तरी तिथंच. लहर-बिहर काही नव्हती. चित्रं भरत भरत कंप्युटर त्या एका फाईलपाशी कधी पोचतो, एवढाच फरक होता. ती लग्नाचं फोल्डर चाळत होती तेव्हाही मागं सामन्याचं फोल्डर उघडं होतं आणि त्याचं काम गुपचूप चालूच होतं.

आणि ती फाईल कुठली हे आता सांगायची गरज नव्हती. कॅमेरा पडला, बॅटरी निघाली, चालू असलेली क्लिप अर्धवट राहिली. तिचा शेवटच लिहिला गेला नव्हता. तिचं चित्र काढायला गेलेला कंप्युटर अडखळत होता आणि पडताना सगळंच घेऊन पडत होता.

तिनं सेटिंग उघडलं आणि चित्रं बंद केली. नुसती चिन्हं दिसू देत. फोल्डर उघडलं. थांबली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर. फोल्डर जागचं हललं नाही.

"झालं काय गं?"

ती दचकली. मागच्या बोळातल्या दारातून आदर्श आत आला होता. डोक्यावर टोपी खाली ओढलेली.

"सापडलं," ती म्हणाली. "त्या एका क्लिपमुळं हुतंय सगळं. मोडलीया ती. दुरुस्त हुईल बहुतेक."

"बाहेर सांगिटलंस?"

"अजून न्हाय."

आदर्शनं मागचं दार लावून घेतलं. "मग नको सांगूस."

स्नेहलनं खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"आक्का, तुला खोटं बोलायचं काय कामच न्हाय. सकाळपासनं बंद पडालंय हे सगळ्यांनी बघिटलंय. संध्याकाळपत्तोर बंदच ऱ्हाऊ दे."

"बॉल आत गेलता?"

"रेफ्रीनं न्हाय म्हटलंय."

"रेफ्रीला न्हाय इचारलं मी."

तो पट्टी गुंडाळलेलं बोट चाचपत उभा राहिला. "फायनलला गोव्याच्या क्लबची माणसं येणारेत. सव्वीस संपली माझी. पुढच्या वर्षी कोण इचारतंय मला?"

हे तिला सांगायची गरज नव्हती. त्याच्या अडवलेल्या गोलांच्या क्लिपा निवडून, जोडून, गोव्याला तिनंच पाठवल्या होत्या. त्याला बघायला येतो असा तिकडून होकार आला तेव्हा आईनं, बयाबाईनं, गल्लीत पेढे वाटले होते. आणि आता खरंच काही करायचं नव्हतं. माऊसवरचा हात तेवढा उचलायचा, दार उघडून मान हलवायची. याच गोष्टीची तिला भीती वाटली, की ते इतकं सोपं होतं.

"आदर्श," ती म्हणाली, "त्यो राजवीर सकाळपासनं मला खोटारडी म्हणालाय. आतापत्तोर त्यो चुकत हुता."

ती वळली. मोडलेल्या फाईली जोडायचं एक सॉफ्टवेअर तिच्याकडं होतं. मोडकी क्लिप त्याला द्यायची, आणि त्याच कॅमेऱ्याची एक धड क्लिप शेजारी ठेवायची, म्हणजे तिच्यावरून ते मोडकीची रचना बसवायचं. तिनं दोन्ही दिल्या आणि बटण दाबलं. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायला लागली.

"आक्का."

तिनं मागं बघितलं नाही.

खट् आवाज झाला, आणि टेबलाखाली बॅटरीचा युपीएस कर्कश पिकपिकायला लागला. स्क्रीन चालूच होती. पट्टी सरकत होती. स्नेहल गर्रकन वळली. आदर्श दाराजवळच्या विजेच्या बोर्डापाशी उभा होता आणि त्याचा हात अजून बटणावर होता. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू ते बटण दुसऱ्याच कुणीतरी दाबलं होतं.

पुढचं दार उघडलं. "लाईट गेली काय?" बाबासो आत आले, मागं राजवीर. बाबासोंनी वर बघितलं. पंखा फिरत होता. मग त्यांनी बोर्डाकडं बघितलं, आणि आदर्शकडं. ते चालत गेले, त्याचा हात बाजूला केला आणि बटण खाली दाबलं. पिकपिक थांबली.

"ह्यो कवा आला?" राजवीरनं विचारलं. त्यानंही एकदा बोर्डाकडं आणि एकदा आदर्शकडं बघितलं, आणि त्याच्या मुठी आवळल्या.

"राजवीर, हात खाली," बाबासो म्हणाले. "स्क्रीनकडं बघ."

पट्टी भरत आली होती. तेव्हा आदर्श बोलला, खाली बघत, "काका, बॉल आत गेलता. मी आतनंच वडला त्यो."

"आता बोलालास व्हय!" राजवीर उसळला. बाबासोंनी त्याला छातीवर हात लावून थोपवलं.

"त्यानं सांगिटलं ते बरं झालं. पण समितीला चित्रण पायजे. लाव गं."

स्नेहलनं क्लिप लावली. सुरुवातीला नुसते हिरवे-करडे ठोकळे उड्या मारत होते. मग चित्र स्थिर झालं. गर्दी, उडी, दांडी. बॉल खाली आला, आणि बॉल आणि मैदान यांच्यामध्ये पांढरी रेषा अख्खी दिसली. मग दोन हातमोजे आले आणि बॉल अलीकडं ओढला गेला. चित्र तिरकं झालं, आभाळ दिसलं, संपलं.

"परत लाव," राजवीर म्हणाला. तिनं लावली. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

बाबासो दारात जाऊन उभे राहिले आणि मैदानावर द्यायचे तशा आवाजात त्यांनी निकाल सांगितला. रस्त्याच्या एका बाजूनं हलगी कडाडली. दुसऱ्या बाजूनं, तिच्या स्वतःच्या पेठेच्या बाजूनं, कुणीतरी तिचं नाव घेऊन जे म्हटलं ते तिनं स्पष्ट ऐकलं. थोड्या वेळानं दुकानाचा बोर्ड खाली ओढल्याचा आवाज आला.

गोल ग्राह्य धरला गेला, बरोबरी झाली, आणि समितीनं रविवारी पेनल्टी शॉटचा टायब्रेकर ठेवला. तालमीत आदर्शला गोलमध्ये उभं करू नका म्हणणारे बरेच होते. तालमीचे वस्ताद सयाजी एवढंच म्हणाले, की हातानं केलं ते तोंडानं कबूल केलंय, उभा राहील तर तोच. घरात मात्र भाऊ-बहीण बोलत नव्हते. बयाबाई दोघांना वेगवेगळं वाढायची आणि मधल्या खोलीत बसून राहायची.

रविवारी आदर्शनं दोन शॉट अडवले, त्यातला एक राजवीरचा. पण वाघजाईच्या पोरांचे तीन बाहेर गेले. तोफखाना जिंकला. गोव्याची माणसं फायनलला येणार होती, आणि फायनलमध्ये आता दुसरे गोलकिपर असणार होते.

गॅलरी रिकामी झाल्यावर स्नेहल सामान घेऊन बाहेर आली. तालमीची पोरं निघून गेली होती. गेटजवळ आदर्श मोटारसायकलवर एकटाच बसला होता. ती त्याला ओलांडून चालायला लागली, तेवढ्यात त्यानं गाडी चालू केली.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. बरंच अंतर तो सरळ रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिला. मग मान थोडी वळवून म्हणाला, "राजवीर हात मिळवाय आलता मगाशी. मी न्हाय मिळवला."

"का?"

"काय म्हाईत."

सिग्नल लागला. दोघं गर्दीत थांबून राहिले, आणि तिनं मोकळा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.