फोटोतला तास

अर्नेस्टीनने ओले हात एप्रनला पुसले, फ्रिजवर लावलेलं लेकीच्या कॉलेजचं माहितीपत्रक काढलं आणि शेजारच्या लॉटीमावशीच्या नाकासमोर धरलं.

"बघ माझी जॅनेल! डोळ्याला चष्मा, हातात परीक्षानळी. नुसती बास्केटबॉल नाही खेळत, औषधं बनवणार आहे!"

"अगं बाई, सकाळपासून कितीदा दाखवशील? खाली काय लिहिलंय?"

"'विविधता हीच आमची ताकद.'"

"म्हणजे विविधता त्यांची, ताकद आपल्या पोरींची!" मावशी खो खो हसत आपली रताळ्याची गोड पेस्ट्री ओव्हनमध्ये घालायला घरी गेली.

जॅनेल मान खाली घालून कॉलर्डच्या पालेभाजीची पानं निवडत होती. आईचं कौतुक एरवी तिला आवडायचं. आज मात्र ते नको वाटत होतं. उद्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला अख्खं चर्च लोटणार, आणि आई तो फोटो पंगतभर फिरवणार.

"मम्मा, मी केमिस्ट्रीला नाहीये."

"म्हणजे?"

"फोटोवाल्याने मला जिममधून हाक मारली. कोट घालायला दिला, फोटो झाल्यावर काढून घेतला. प्रॅक्टिकल आणि आमचा सराव एकाच वेळी असतो. कॉलेजच्या सल्लागार बाई म्हणाल्या, 'तुम्हा लोकांना झेपतील असेच विषय घ्या.' टीममध्ये बहुतेक जणी आम्ही काळ्याच. केमिस्ट्रीच्या वर्गात एकही नाही."

अर्नेस्टीनने समोर बसून एक पान देठासकट ओढून घेतलं. रागाने तिच्या नाकपुड्या फुलल्या, पण लेकीकडे बघताच डोळे भरून आले.

"छान! कॉलेजने आपल्या तोंडाला पानं पुसली, आणि मी ती गावभर मिरवतेय." तिने हातातला देठ जॅनेलच्या डोक्यावर हलकेच मारला. "कार्टे, एवढे दिवस हे पोटात ठेवून फिरलीस?"

"तू किती खूश होतीस गं."

"माझं सोड. तुला काय हवंय?"

"केमिस्ट्री."

"मग जानेवारीत नव्या सत्राला नाव घाल."

"सराव बुडवला तर कोच मला खेळवणारच नाहीत, मम्मा. बाकावर बसवून ठेवतील. आणि तू एवढी लांबून गाडी हाकत येतेस ती माझा खेळ बघायला!"

अर्नेस्टीन पानांची जुडी करून ती सावकाश चिरत राहिली. जॅनेलला वाटलं, झालं, आई दुखावली.

"त्या बाकाच्या लगेच मागच्या रांगेतलं तिकीट मिळतं का गं?" अर्नेस्टीनने मान वर न करताच विचारलं.

"मिळतं. का?"

"आता तिथूनच जवळ पडेल ना तुला बघायला."