काहीही बिघडलेलं नाही

मास्तरांच्या घरातली एक खोली कायम गुरगुरत असे. आत कुत्रं नव्हतं. लोखंडी चौकटीत एकावर एक रचलेल्या सहा चपट्या पेट्या होत्या, आणि त्या पेट्यांचे पंखे. एक ऑफिस बंद पडलं तेव्हा बायकोनं तिथल्या नेटवर्कच्या या पेट्या भंगाराच्या भावानं उचलून आणल्या होत्या. आता पाहुणे आले तर झोपवायचे कुठं, असं मास्तरांनी एकदाच विचारलं. "बहिरे असतील तर इथंच," असं उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारायच्या भानगडीत ते पडले नाहीत. सासूबाईंनी मात्र त्या खोलीशी छान जुळवून घेतलं होतं. पेट्यांच्या मागून ऊबदार वारा यायचा, तिथं खुर्ची टाकून त्या गुडघे शेकत बसायच्या.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा, आणि जीव मुठीत धरून गप्पा मारायच्या, हा त्यांचा धंदा. बायकोची नोकरी फोनवरची. मोठ्या कंपनीत कुणाचं नेटवर्क अडलं की फोन हिच्याकडे यायचा आणि ही विचारायची, "बंद करून परत चालू करून बघितलंत का?" वर्षानुवर्षं हेच. काचेपलीकडे यंत्रांची खोली होती, तिथं जायचं तर मोठी परीक्षा द्यावी लागायची. पर्यायांवर खुणा करायची परीक्षा नव्हे. दिवसभर बसून खरंखुरं नेटवर्क उभं करायचं, आणि परीक्षकांनी मुद्दाम बिघडवून ठेवलेलं दुरुस्त करून दाखवायचं. ती दोनदा नापास झाली होती.

तिसऱ्यांदा अर्ज भरताना तिनं सांगूनच टाकलं, "या वेळी नाही झालं तर पेट्या विकून टाकायच्या. फोन घेत घेत म्हातारी होईन, पण कुरकुर करणार नाही." मास्तरांना त्या न कुरकुरण्याचीच धास्ती वाटली. कुरकुर बंद झालेली बायको त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

सरावासाठी बिघाड हवा, आणि आपणच केलेला बिघाड आपल्याला आधीच ठाऊक असतो. म्हणून बिघडवायचं काम मास्तरांकडे आलं. एवढी मानाची जबाबदारी लग्नानंतर त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

पहिल्या दिवशी तिनं त्यांना समोर बसवलं. पडद्यावर एकामागून एक ओळी सरकत होत्या. पहिली पेटी शेवटच्या पेटीला हाक मारत होती, आणि प्रत्येक ओळ म्हणजे तिकडून आलेली ओ.

"आता ती निळी वायर उपट," ती म्हणाली.

मास्तरांनी उपटली. पडद्यावरच्या ओळी अडखळल्या. एक हाक वाया गेली, दुसरी गेली, आणि मग, जसं काही घडलंच नव्हतं, तशा ओळी पुन्हा सरकायला लागल्या.

मास्तर वायर हातात धरून उभेच. "अगं, वायर माझ्या हातात आहे."

"दुसऱ्या वाटेनं गेलं."

"वाट मोडली हे त्यांना सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही. प्रत्येक पेटी आपल्या शेजारणीला सारखी विचारत असते, आहेस का? ती म्हणते, आहे. उत्तर आलं नाही की समजायचं, काहीतरी झालं. मग ती बाकीच्यांना कळवते, त्या पुढच्यांना कळवतात, आणि सगळ्या आपापला नकाशा नव्यानं काढतात."

"आणि यांचा साहेब कोण?"

"साहेब नाहीच."

मास्तर खुर्चीवर बसले. दिवसरात्र, कुणी बघत नसताना, या डबड्या एकमेकींची चौकशी करत होत्या! आपण झोपलेलो असताना पलीकडच्या खोलीत हे चाललेलं असतं, आणि साऱ्या जगाचे फोन, पैसे, निरोप असल्याच चौकशीवर चालतात, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी वायर परत लावली, ती अगदी हळू, कुणाला लागेल की काय अशी.

"जावईबापू, चेहरा का असा झालाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही कशावर गुडघे शेकताय याची तुम्हाला कल्पना नाही," मास्तर म्हणाले.

मग रोजचा खेळ सुरू झाला. बायको दूध आणायला किंवा आंघोळीला गेली की मास्तर खोलीत शिरायचे. आधी ते नुसत्या वायरी उपटायचे. मग प्लग वरवर बसल्यासारखा दिसेल पण आतून सुटलेला असेल, इथपर्यंत त्यांची मजल गेली. पुढं तिनंच त्यांना चार आज्ञा टाइप करायला शिकवल्या. एकदा त्यांनी एका पेटीची हाक मारायची गती तेवढी बदलली, आणि दोन सख्ख्या शेजारणींनी एकमेकींना ओळख दाखवायचं बंद केलं. एवढ्या तेवढ्यावरून अबोला! मास्तरांना आपल्या मामा-मामीची आठवण आली. बायकोनं तोही बिघाड बघता बघता पकडला. ती पडद्यावर वाचत जायची, ओठ हलायचे, मग बोट थांबायचं. "हे बघ. इथं." मास्तर तोंडात बोटं घालून बघत राहायचे. हिच्या डोक्यात सहाच्या सहा पेट्या आहेत, वायरींसकट, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. मग ही दोनदा नापास झालीच कशी? विचारलं की ती म्हणे, "वेळ पुरला नाही."

एका रविवारी ती बाजारात गेली आणि मास्तर बिघाड करायला बसणार तोच एका शिकाऊ बाईंचा फोन आला. नवीन गाडी फुटपाथवर चढली होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. मास्तर धावले. गाडी उतरवली, बाईंना धीर दिला, परत आले तोवर बायको पडद्यासमोर बसलेली. बिघाड करायचा राहूनच गेला होता. मास्तर तोंड उघडणार होते. पण ती म्हणाली, "आजचा छुपा रुस्तम दिसतोय," आणि मास्तरांना गंमत वाटली. बघू या, किती वेळात ओळखते.

तिनं सगळीकडून हाका मारून पाहिल्या. सगळीकडून ओ आली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असं कसं?" ती पुटपुटली. एक वायर काढून दुसरी लावली. एक आकडा बदलला. तो बदलल्यानं दुसरं काहीतरी अडलं, म्हणून ते बदललं. मास्तरांची गंमत केव्हाच संपली होती. पण आता सांगावं तर आधी का नाही सांगितलं, आणि न सांगावं तर हे कुठवर जाणार, अशी त्यांची पंचाईत झाली. शेवटी पडद्यावर एकही ओ येईना. सहाच्या सहा पेट्या एकमेकींना अनोळखी झाल्या.

"मी आज काहीच केलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

ती सावकाश वळली. पुढचं बोलणं इथं सांगण्यासारखं नाही. सासूबाई खुर्ची उचलून बाहेर निघून गेल्या, यावरून अंदाज बांधावा. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. चूक त्यांचीच होती.

पण मधेच तिचा आवाज तुटला. ती मटकन खाली बसली.

"परीक्षेत हेच झालं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. दुपारपर्यंत सगळं चालायला लागलं होतं. मला वाटलं, माझ्या हातून इतकं सरळ कसं होईल? नक्की कुठंतरी चुकलंय. म्हणून शोधत बसले, आणि... वेळ पुरला नाही असं मी तुला खोटंच सांगितलं."

मास्तर तिच्याशेजारी जमिनीवर बसले. आता कुठं त्यांना कळणारं काहीतरी समोर आलं होतं. "माझ्याकडे असे खूप येतात," ते म्हणाले. "रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि हे स्टिअरिंग हलवत बसतात. चालवतोय असं वाटायला हवं ना! मी त्यांना म्हणतो, हात ठेवा, हलवू नका. सगळ्यात उशिरा तेच जमतं."

तिनं डोळे पुसले. नाक ओढलं, आणि पेट्या पुन्हा जुळवायला घेतल्या.

दुसऱ्या दिवसापासून खेळाचा नियम बदलला. मास्तर कधी बिघाड करत, कधी नुसतेच खोलीत उभे राहून बाहेर येत. तिनं सगळं तपासायचं आणि नीट असेल तर मोठ्यानं म्हणायचं, काहीही बिघडलेलं नाही. अवघडातला अवघड बिघाड हसत हसत शोधणारी बाई, ते तीन शब्द म्हणताना तिला घाम फुटायचा. पहिल्यांदा तर ती म्हणाली आणि लगेच परत तपासायला धावली. मास्तर नुसते बसून राहायचे. यात पायाखाली ब्रेक नव्हता.

परीक्षा दूरच्या शहरात होती. मास्तरांनी तिला शिकवणीच्याच गाडीतून नेलं आणि काचेच्या इमारतीसमोर दिवसभर थांबले. सवयीनं ते शेजारच्या सीटवर बसले होते. दुपारी पोटरी दुखायला लागली तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून आपण ब्रेक दाबून धरलाय. पाय काढला, तर थोड्या वेळानं तो पुन्हा तिथंच.

संध्याकाळी ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"झालं सगळं?"

"तासभर आधीच झालं."

मास्तरांना तो रविवार आठवला. "मग तो तासभर काय केलंस?"

"काही नाही. एका ठिकाणी फार वाटलं, हे बदलावं. टाइपसुद्धा केलं. मग पुसलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले. शेजारचे सगळे खटखट करत होते. मनात म्हणत होते, काहीही बिघडलेलं नाही, काहीही बिघडलेलं नाही. रडू येत होतं रे."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. त्या निळ्या वायरीच्या दिवशी बघत होते तसेच. ज्या परीक्षेवर सगळं टांगलेलं, तिथं ही बाई तासभर हात दाबून बसली! 

"चावी दे," ती म्हणाली. "मी चालवते. हाताला काहीतरी हवंय."

शहर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. निकाल त्याच दिवशी येईल किंवा दोन दिवसांनी, काही सांगता येत नव्हतं. तिचा फोन मधल्या खाचेत वाजला.

"तूच बघ," ती समोर बघत म्हणाली.

मास्तरांनी फोन उचलला. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"पास," ते म्हणाले. समोरचा रस्ता धूसर झाला. "थांबव गं गाडी. जरा थांबव."

"कशाला?" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण स्टिअरिंगवरचे हात जागचे हलले नव्हते. "नीट चाललीय की."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता.